1998 मधली नाचाची गाणी : तुमचे अनुभव लिहा

1998 साली मी इंग्लंडमधल्या लेस्टरला शिकत होते. रविवारी संध्याकाळी बीबीसी रेडिओ 1 वर त्या आठवड्याची सर्वाधिक खपाची चाळीस गाणी उलट्या क्रमाने लागायची, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता आम्ही ती ऐकायचो. फेब्रुवारीअखेर पहिल्या क्रमांकाचं नाव आलं, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. लेस्टरमध्येच जमलेला कॉर्नरशॉप हा बँड, आणि गाण्यातली आशा म्हणजे आपल्या आशाताई भोसले! 'टायटॅनिक'च्या गाण्याला खाली सारलं होतं त्यांनी. माझी पोळी तव्यावर करपली.

हेच गाणं आदल्या वर्षी 60 व्या क्रमांकावर येऊन विरलं होतं. डीजे नॉर्मन कुक यांनी त्याची लय वाढवली, पट्टी चढवली, ठोके भरले आणि ते देशभर नाचू लागलं. त्या वर्षी वर गेलेली नाचाची कितीतरी गाणी अशीच जुन्यातून उठलेली होती. तुमच्या अंगात कुठलं शिरलं? कुठे, कोणाबरोबर? सविस्तर लिहा.

पुणे
आमच्या गॅदरिंगला 'इट्स लाइक दॅट'. रन-डीएमसी या अमेरिकन रॅप गटाचं 1983 चं गाणं, त्यावर डीजे जेसन नेव्हिन्सचे ठोके. ब्रिटनमध्ये ते सहा आठवडे पहिलं होतं आणि त्याच्यामुळे स्पाइस गर्ल्सचं 'स्टॉप' दुसऱ्यावर अडकलं, हे फार नंतर कळलं. आम्हाला माहीत होता तो केबलवरचा व्हिडिओ, मुलं विरुद्ध मुली अशी ब्रेकडान्सची जुगलबंदी. होस्टेलच्या गच्चीवर गाद्या टाकून डोक्यावर फिरायला शिकलो. कॅसेट भरून देणाऱ्याकडे हे गाणं नव्हतं, म्हणून टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरला. मध्येच मेसच्या मावशींची हाक त्यात भरली गेली. तालमी त्याच कॅसेटवर झाल्या, त्यामुळे हाक आली की गिरकी, असं अंगात बसलं. गॅदरिंगला कोणीतरी चांगली कॅसेट आणून दिली होती. आम्ही हाकेचीच लावली.

ठाणे
मी तेव्हा एरोबिक्स शिकवायचे. 'जिम टॉनिक' या फ्रेंच गाण्यात अमेरिकन अभिनेत्री जेन फोंडा यांच्या व्यायामाच्या रेकॉर्डमधला आवाज होता. तो वापरायला मिळेना, म्हणून स्पेसडस्ट या ब्रिटिश जोडीने दुसऱ्या आवाजात ते नव्याने केलं, आणि 'जिम अँड टॉनिक' ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. मला ते भाच्याने लंडनहून पाठवलं. माझ्या वर्गातल्या बायका इंग्रजी मोजणीला बुजायच्या, पावलं चुकायच्या. मग मी गाण्यावरूनच मोठ्याने म्हणू लागले, पाच, सहा, सात, आठ! त्या दिवसापासून कोणी चुकलं नाही.

दादर
अमेरिकन गायिका शेर यांचं 'बिलीव्ह' सात आठवडे पहिलं होतं, ब्रिटनमध्ये त्या वर्षीचं सर्वाधिक खपाचं सिंगल. मी एका स्टुडिओत सहाय्यक होतो. तो मध्येच तुटणारा आवाज कसा काढला यावर आमच्याकडे रात्र रात्र चर्चा चालायची. निर्मात्यांनी मुलाखतीत व्होकोडरचं, म्हणजे आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणाचं, नाव पुढे केलं होतं. खरं काम होतं ऑटो-ट्यूनचं. हे 1997 मध्ये आलेलं सॉफ्टवेअर, चुकलेला स्वर कोणाच्या लक्षात न येता जागेवर आणावा यासाठी केलेलं. सुधारणेचा वेग कमी ठेवला की कानाला कळत नाही. यांनी तो टोकाला नेला, आणि स्वर घसरत न जाता एका पायरीवरून थेट दुसरीवर उडी मारू लागला. मी हे काहीही सांगण्याआधी माझे काका, आयुष्यभर पेटीची साथ करणारे, गाणं ऐकून म्हणाले होते, "अरे, ही बाई पेटीसारखी गातेय. मींडच नाही." इतकं अचूक मला आजही सांगता येत नाही.

पॅरिस
स्टारडस्ट हा फ्रेंच गट. 'म्युझिक साउंड्स बेटर विथ यू'. त्यांचं एकच गाणं, अमेरिकन गायिका चाका खान यांच्या जुन्या गाण्यातल्या गिटारच्या तुकड्यावर उभं राहिलेलं आणि अमेरिकेच्या डान्स क्लबांच्या यादीत पहिलं गेलेलं. त्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर पहिल्यांदा नाचले ती याच गाण्यावर. एवढंच लिहिते.

हॅरो
आम्ही मूळचे सांगलीचे, म्हणजे आशाताईंच्या जन्मगावचे. त्या मार्चमध्ये आई पहिल्यांदाच इकडे लंडनला आली होती. दुकानात 'ब्रिमफुल ऑफ आशा' लागलं तशी मी तिला म्हटलं, "आई, हे आशाताईंवर आहे, इथे एक नंबरला होतं." ती पिशवी खाली ठेवून उभी राहिली. गाणं अर्धं झालं.

"ती कधी सुरू करणार?"

"अगं, ती गात नाही यात."

आई पार हिरमुसली. घरी येऊन मी तिला शब्द सांगितले. त्यातले 45 म्हणजे मिनिटाला 45 फेरे घेणारी छोटी तबकडी. आशाताईंबरोबर लताबाई आणि रफीसाहेब यांचीही नावं आहेत. आईच्या माहेरी अशा तबकड्या होत्या, मामा कोणाला हात लावू द्यायचा नाही. ती बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोलत राहिली. मग म्हणाली, "परत लाव."

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ती गवार मोडता मोडता परातीच्या काठावर ठेका धरत होती. "आता कळलं," म्हणाली, "ती गात नाहीये. तिला ऐकणारी गातायत."

मे महिन्यात ती परत गेली. त्या गाण्याची कॅसेट तिने साड्यांच्या घडीत घालून नेली.