मदत हवी आहे: खजूर-ड्रायफ्रूटचा रोल फसलाय, गोळा चिकट झालाय, काय करू?

परभणीची_सून

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते पण आज गळ्याशी आलंय म्हणून लिहायलेय. धाकटे दीर दुबईला असतात, दिवाळीला आलेत, आणि भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी हैदराबादहून त्यांचं विमान आहे. दरवर्षी मी सोबत चकल्या, शेव, अनारसे देते, यंदा ते म्हणले वहिनी तळलेलं नको, डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय, ड्रायफ्रूटचं काहीतरी द्या. पोरांना पण सुट्ट्या लागल्यात, दिवसभर डब्यात हात घालायलेत, म्हणलं एका दगडात दोन पक्षी. माझ्याकडं ओव्हन नाही, त्यामुळं नुसतं मळून-थापून होईल असं पाहिजे होतं. एक व्हिडिओ बघितला, दहा मिनिटात खजूर रोल, बाई इतकी हसत हसत वळायली होती की वाटलं आपल्यालाही जमंल.

केलं काय ते खरं खरं सांगते. अर्धा किलो किमिया खजूर आणला, तो डब्यातला काळा मऊ असतो तो. बिया काढल्या, मिक्सरमधे फिरेना म्हणून अर्धी वाटी दूध घातलं. बदाम-काजू कच्चेच भरड केले, चवीला थोडा गूळ पण टाकला. दोन तास फ्रीजमधे ठेवला आणि कापायला गेले तर सुरी उचलली की अख्खा रोल सुरीसोबत वर. सासूबाई बघून म्हणल्या, हा रोल नाही बाई, च्यवनप्राश झालाय.

आता हा गोळा वाचंल का? दुसरा करायचा तर कोणता खजूर घ्यायचा आणि प्रमाण काय? ऑक्टोबरच्या उन्हात किती दिवस टिकंल? वरून खसखस लावायची म्हणते, छान दिसते. मामंजींना शुगर आहे, साखर घातलेली नाही तर त्यांना चालंल ना? आणि घरात दीड वर्षाची पुतणी पण आहे, तिला देता येईल का? चार दिवस राहिलेत फक्त, प्लीज लवकर सांगा.

लातूरवाला

ताई मदत काही माझ्याच्यानं होत नाही पण दुबईला खजूर पाठवायचा म्हणजे लातूरला बाहेरून तूरडाळ आणल्यासारखं झालं की हो 😄

परभणीची_सून

हौ ना, आमचे हे पण तेच म्हणायलेत. पण दीर म्हणतात तिकडं खजूर ढीगभर मिळतो, वहिनीच्या हातचं मिळत नाही. आता यावर काय बोलणार.

चूलवाली_काकू

अगं माय, दूध घातलंस तिथंच घोळ झाला. किमिया मुळातच ओला खजूर, दुकानात पण फ्रीजमधे ठेवतात तो. त्यात दूध म्हणजे पाणीच की, आणि ते दूध उन्हात दोन-तीन दिवसात आंबणार. गूळ पण काढ, खजूर काय कमी गोड असतो का. रोलला तो दाबून पाकिटात भरलेला बिनबियांचा खजूर घ्यायचा, स्वस्त पण असतो आणि कोरडा पण.

आहे तो गोळा फेकू नको. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप घालून अगदी मंद आचेवर परतत बस, आटायला वेळ लागंल, टीव्ही बघत हलव. कढईची कड सोडून गोळा एका जागी गोल फिरायला लागला की गॅस बंद. मग त्यात खारीक पूड घाल, ती ओल पिऊन घेते. खारीक नसंल तर पंढरपुरी डाळं मिक्सरला फिरवून घाल, आमच्याकडं पाहुणे जास्त आणि बदाम कमी असले की हाच उपाय. पण हा दुधाचा गोळा घरातच चार दिवसात संपवा, फ्रीजमधे ठेवून. दुबईला नको.

नव्याचं प्रमाण माझं असं: बिया काढलेला खजूर अर्धा किलो, बदाम दीडशे ग्रॅम, काजू शंभर, पिस्ते पन्नास, खारीक पूड शंभर, तूप दोन चमचे, वेलदोडा. चारोळी, मगज बी असंल तर मूठभर. बदाम-काजू कोरडेच मंद भाजायचे, हाताला चटका बसला पाहिजे आणि वास सुटला पाहिजे, करपवायचे नाहीत. पूर्ण गार झाल्यावरच भरडायचे. गरम फिरवले की तेल सोडतात, पेंडीसारखा गोळा होतो आणि रोलला भेगा पडतात. मिक्सर सलग चालवू नको, बटण दाबायचं-सोडायचं. अक्रोड टाकणार असशील तर ताजा आहे का ते चावून बघ, सगळ्यात आधी तोच खवट होतो.

खजूर हातानं तोडून तुपात परत, पळीच्या पाठीनं दाबत राहिलं की लोण्यासारखा होतो, मिक्सर लागतच नाही. सगळं कालवून कोमट असतानाच वळ, गार झाला की ऐकत नाही. बटर पेपरमधे घट्ट गुंडाळून चॉकलेटच्या कागदासारखी दोन्ही टोकं पिरगाळ, तासभर फ्रीज. कापायला सुरी नको, दोरा घे. शिवणाचा जाड दोरा रोलखालून घालून वर फास ओढला की गोल चकती पडते, दबत नाही.

गुलमंडीकर

काकूंना हजार मार्क. फक्त खजुराबद्दल थोडं, आमच्या शहागंजमधे रमजानात इतक्या तऱ्हेचे खजूर लागतात की विचारू नका, तिथं दुकानदाराला नुसतं "लाडवाला पाहिजे" म्हणायचं, तो बरोबर कोरडा काढून देतो. आणि व्हिडिओत खोबरेल तेल सांगतात ते आपल्याकडं करू नका, ते २४-२५ डिग्रीलाच पातळ होतं, आपल्या घरात ऑक्टोबरमधे दुपारी काय असतं ते तुम्हाला माहितीच. चॉकलेटचा थर द्यायचा तर फक्त घरात खायला, प्रवासात हैदराबाद येईपर्यंत चिखल होतो, आमचा झालाय.

गोळ्या_वेळेवर

शुगरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. मी नर्स आहे. साखर घातली नाही याचा अर्थ शुगर फ्री नाही हो. शंभर ग्रॅम खजुरात साठ-पासष्ट ग्रॅमच्या वर साखरच असते, ती खजुराची स्वतःची. मामंजींना एखादी पातळ चकती, ती पण जेवणाच्या हिशोबात धरून, आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारून. "ड्रायफ्रूटच आहे" म्हणत चार-चार खाल्ले की मग मीटरवर आकडा बघून सगळे घाबरतात. दीड वर्षाच्या बाळाला अक्खा किंवा मोठा तुकडा बिल्कुल नको, ठसका लागून श्वासात अडकतो. तिला द्यायचंच तर एकदम बारीक पूड केलेलं, थोडंसं, मांडीवर बसवून. आणि बदाम-काजू पहिल्यांदाच देत असाल तर एका वेळी एकच, अंगावर काही उठतंय का बघायचं.

शारजातून

थांबा थांबा थांबा. परभणीच्या ताई, खसखस लावू नका!!! मी नांदेडचा, नऊ वर्षं इकडं आहे. यूएईत खसखस आणायला बंदी आहे, अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती इथं अमली पदार्थांच्या कायद्यात धरतात. आपल्याला वाटतं चमचाभर खसखस, त्यात काय, पण विमानतळावर पकडली तर समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतात, सामान जप्त हा त्यातला सगळ्यात स्वस्त सौदा. सौदी, सिंगापूरला पण चालत नाही. वरून भाजलेले पांढरे तीळ लावा. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पण बॅगेत देऊ नका, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून विमानात नेऊ देत नाहीत.

काळ्या मसाल्याच्या पुडीत खसखस असंल तर ती पण काढा. डिंकाचे लाडू, तेच. आणि अनारसे...

परभणीची_सून

अग माय. अनारसे. चार वर्षं झाली, दर दिवाळीला खसखशीवर थापलेले अनारसे देतेय मी. माझे हातपाय गार पडलेत.

चूलवाली_काकू

अगं काही होत नाही, झालं असतं तर एव्हाना कळलं असतं. पाणी पी.

लातूरवाला

वर हसलो त्याबद्दल सॉरी ताई.

परभणीची_सून

अपडेट देते, सगळ्यांनी इतकं सांगितलं म्हणून.

दुसरा घाणा जमला!! मोंढ्यातून दाबलेला खजूर आणला, काकूंच्या मापानं केला. वजन केलं तर नऊशे ग्रॅमच्या आसपास भरला, पंचेचाळीस चकत्या निघाल्या. दोऱ्याची युक्ती तर पोरांनीच हातात घेतली, मला दोन पण कापू दिल्या नाहीत. तीळ भाजताना थोडे जास्त लाल झाले पण खमंग लागायलेत. स्टीलच्या डब्यात थराला बटर पेपर घालून भरलं. पहिल्या गोळ्यात डाळं घातलं, त्याचे लाडू वळले, सासूबाईंनी नाव ठेवत ठेवत तीन खाल्ले. मामंजींना अर्धी चकती दिली, ते रुसलेत.

आता अनारशाचं. दीर ऑफिसचं काहीतरी करत बसले होते, मी जाऊन रडवेल्या तोंडानं विचारलं, भाऊजी खरं सांगा, तुम्हाला कधी पकडलं का. तर म्हणतात, वहिनी, पहिल्याच वर्षी मला कळलं होतं. मग मी दरवर्षी अनारशाचा डबा हैदराबादला मावसभावाच्या घरी ठेवून पुढं जातो, तुम्ही इतक्या हौसेनं करता, कोणत्या तोंडानं सांगू. म्हणजे चार वर्षं माझे अनारसे मावसजाऊबाईंच्या घरात खपायलेत आणि ती बया एकदा पण बोलली नाही!

शारजातून

ताई, डब्यात दोन चकत्या जास्तीच्या टाका आणि दिरांना माझा नंबर द्या, मेसेज करतो 😀

चूलवाली_काकू

आणि मावसजाऊबाईंना या वर्षी काय पाठवायलीस?

परभणीची_सून

अनारसेच. पण आता सांगून.