पहिली मॅरेथॉन, सोळा आठवडे उरलेत आणि नडगी दुखतेय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय 43, काम बैठं. आठ महिन्यांपूर्वी धावायला लागलो तेव्हा दोन किलोमीटरमध्ये जीभ बाहेर यायची. आता आठवड्यातून चार दिवस धावतो, एका दमात सर्वांत लांब 16 किमी. तेवढ्या जोरावर (खरं तर मित्राने डिवचलं म्हणून) पूर्ण मॅरेथॉनला नाव देऊन बसलोय. 42.195 किमी. हल्ली ते वरचे 195 मीटरही डोळ्यांसमोर येतात.

दोन आठवड्यांपासून उजवी नडगी आतल्या बाजूने दुखतेय. पहिला किलोमीटरभर ठणकते, अंग तापलं की गप्प, रात्री परत सुरू. मध्ये उत्साहाच्या भरात आठवड्याचं अंतर 22 वरून एकदम 34 वर नेलं होतं, हे कबूल.

पूर्ण विश्रांती घेऊ की नुसतं अंतर कमी करू? दुसरं म्हणजे, सगळ्या वेळापत्रकांत सर्वांत लांब धाव 30-32 किमीची आहे. मग उरलेले दहा कोणाच्या भरवशावर? आणि जेल (धावताना ताकदीसाठी घ्यायचा पाकिटातला गोड, घट्ट पाक) घेतलं की पोट ढवळतं, त्याचं काय करता?

(बूट कोणते, यावर चर्चा नको. ती घरी भरपूर झालीय.)

प्रतिसाद

आधी नडगी. बोटाने दाबत जा. हाडाच्या कडेने चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे अति धावण्याने नडगीच्या कडेला होणारी दुखापत. पण एकाच जागी बोट टेकताच कळ येत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे ताणाने हाडाला पडलेल्या बारीक चिरेची, शंका घ्यावी लागते. तुमचं ते 'रात्री परत सुरू' मला अजिबात आवडलं नाही. धावणं आजपासून बंद, डॉक्टरांना दाखवा. अशा फ्रॅक्चरमध्ये सुरुवातीचा एक्स-रे चक्क स्वच्छ येऊ शकतो, तेव्हा तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

सरावात 42 कोणी नवखा धावत नाही. त्यातून सावरण्यातच पुढचे आठवडे वाया जातात. उरलेले दहा तुम्हाला आठवड्यांच्या साठलेल्या मैलांवर काढायचे असतात, शिवाय शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर उतरवून पाय ताजे ठेवायचे. तीस किमीनंतर जी 'भिंत' म्हणतात, म्हणजे अचानक अंगातली ताकद संपणं, ती मुख्यतः ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) संपल्याने येते. म्हणून तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, तीही भूक लागायच्या आधीपासून. जेल पाण्याबरोबरच घ्या, स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर नको, आणि लांब धावांमध्ये अर्ध्या पाकिटापासून सुरू करा. पोटालाही सराव लागतो. पाणी मात्र तहानेपुरतंच. भीतीपोटी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरून धावपटू दगावलेत.

वेगाबद्दल काहीच लिहिलं नाहीत, यावरून मला वाटतं तुम्ही रोजच धापा टाकत धावताय. बहुतेक धावा अशा हव्यात की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल. कंटाळवाणं असतं, पण असंच असतं.

धागाकर्ता

धन्यवाद. धापांचं बरोबर ओळखलंत. दाबून पाहिलं, एकाच जागी, नाण्याएवढं. उद्या सकाळची वेळ घेतलीय. आयोजकांना ईमेल केला आहे, पूर्णऐवजी अर्ध मॅरेथॉनला नाव बदलून मिळेल का म्हणून. मित्राला अजून सांगितलेलं नाही.