सेकंडहॅण्ड वॉशिंग मशीन पाच दिवसांत बोंबललं, पैसे परत मागू की गप्प बसू?

वाफाळता_चहा
डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, शिव्या घालायच्या तर घाला पण आधी पूर्ण वाचा.

आम्ही ऐरोलीला राहतो. मागच्या रविवारी घोडबंदर रोडला वाघबीळवरून एक फ्रंटलोड वॉशिंग मशीन आणलं, जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर बघून. जाहिरातीत "चार वर्षं वापरलेलं, एकाच घरात, फुल वर्किंग, शिफ्टिंगमुळे देणे आहे". १३,००० म्हणत होते, ११,००० ला तुटलं. शनिवारी मी स्वतः बघून आले. नेमकं त्यांच्या सोसायटीत पाणी गेलेलं, टँकरची वाट बघत होते सगळे, त्यामुळे काकांनी लाइट लावून ड्रम जरा फिरवून दाखवला आणि काकू म्हणाल्या कालच कपडे धुतलेत बघ, बाल्कनीत वाळत होते ते पण दाखवले. संध्याकाळी मी मेसेज टाकला, जसाच्या तसा देते: "मशीनला काही प्रॉब्लेम नाहीये असं धरून टेम्पो सांगतेय, काही असेल तर आत्ताच सांगा. उद्या ११ ला येऊ का?" त्यावर नुसता अंगठा आला. बाकी एक शब्द नाही.

टेम्पोचे १,८०० वेगळे. पहिला वॉश लावला, सगळं छान, आणि स्पिनला लागलं तशी घरात मालगाडी शिरली. खालच्या आजी काठी घेऊन वर आल्या, त्यांना वाटलं आमच्याकडे लाद्या फोडतायत. गुरुवारी मेकॅनिक आला, ३५० घेतले, बेअरिंग गेलंय म्हणाला, खर्च ५,८००. काकांना फोन केला तर "अहो सेकंडहॅण्ड आहे, त्याला काय वॉरंटी देऊ, आमच्याकडून गेलं तेव्हा चालू होतं, तुमच्या टेम्पोवाल्याने आपटलं असेल." त्यानंतर फोन उचलत नाहीत.

माझं मत सरळ आहे, पूर्ण ११,००० परत द्यावेत आणि मशीन घेऊन जावं. नवरा म्हणतो सोड. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_काका
नवरा शहाणा आहे. ताई, हेच मशीन नवीन घ्यायला गेलात तर पंचवीस-तीस हजार. तुम्हाला ११ ला का मिळालं? कारण उरलेले पैसे हे रिस्कचे आहेत. स्वस्त पण हवं आणि गॅरंटी पण हवी असं कसं चालेल. घेतलं ते घेतलं. भाजीवाल्याकडून वांगी घरी आणून कापल्यावर किडकी निघाली तर परत जाता का?

नेरुळची_नणंद
मी जाते 😀

ठाणेकर_७७
सरळ ग्राहक मंचात खेचा. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावा. अशा लोकांना सोडायचं नाही.

घोडबंदरी
मी वाघबीळलाच राहतो (तो मी नव्हेच, आधीच सांगतो) आणि विकणाऱ्याची बाजू कोणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितो. मी मागच्या वर्षी सोफा विकला, घेणाऱ्याने बसून उठून झोपून बघितला, दोन महिन्यांनी फोन, दादा स्प्रिंग वर आली. आता तिकडे त्याची पोरं सोफ्यावर उड्या मारतायत की हत्ती, मला काय माहीत? वस्तू एकदा दारातून बाहेर गेली की तिचं काय होतं ते विकणाऱ्याच्या हातात नसतं. आणि फ्रंटलोड हलवताना मागून ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात, नाहीतर ड्रम आत मोकळा हिंदकळत राहतो. लावले होते का तुम्ही? माजिवडा, मग कळवा, मग विटाव्याचे खड्डे, छोटा हत्तीमध्ये आडवं टाकून आणलं असेल तर त्यात काकांचा काय दोष?

वाफाळता_चहा
बोल्टचं मला आज कळतंय, खरंच. आडवं नव्हतं टाकलं, उभंच आणलं, पण बोल्ट नव्हते. काकांनीही दिले नाहीत. म्हणजे माझ्याच अंगावर शेकणार का हे आता?

पाना_पक्कड
नमस्कार. कोपरखैरण्याला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, फ्रंटलोड रोज उघडतो, त्यामुळे दोघांचं भांडण मिटवायचा प्रयत्न करतो.

बोल्ट न लावता आणलं की काय तुटतं ते ऐका. ड्रमचं वजन वरून स्प्रिंगवर लटकलेलं असतं आणि खालून शॉकरवर, रस्त्यात आपटलं तर शॉकर तुटतो, स्प्रिंग हुकातून निघते, कधी वजनाचा सिमेंटचा ठोकळा तडकतो. मग मशीन स्पिनला नाचतं, चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत येतं, धडधड आपटतं. बेअरिंगचं तसं नाही. बेअरिंग एका दिवसात जात नाही. आधी मागचं ऑइल सील झिजतं, त्यातून साबणाचं पाणी बेअरिंगमध्ये थेंब थेंब उतरतं, ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो, आणि मग तो घरघर घुंऽऽ आवाज, जो स्पिन वाढला की वाढतो. याला महिने लागतात. दीड तासाच्या टेम्पोत गंज चढत नाही.

तुम्ही एक करा. प्लग काढा. ड्रममध्ये हात घालून वरच्या कडेला धरून वर-खाली हलवा. टबसकट सगळं हललं तर ठीक, ते हलायलाच पाहिजे. पण टब जागेवर आणि आतला ड्रमच खटखट करत हलला तर बेअरिंग. मग मशीन पुढे ओढून मागचं कव्हर काढा आणि पुलीच्या मागे, मधोमध, तपकिरी ओघळ दिसतोय का बघा. कव्हरचे स्क्रू पण बघा.

वाफाळता_चहा
नवऱ्याला कामाला लावलं, रविवार सत्कारणी. ड्रम खटखट करतोय. पुलीमागे तपकिरी ओघळ आहे, चहा सांडून वाळल्यासारखा, खाली पत्र्यापर्यंत आलाय. आणि मागच्या कव्हरचे दोन स्क्रू नाहीतच, तिसऱ्याचं डोकं खाल्लेलं आहे. आमच्या मेकॅनिकला फोन करून विचारलं, तो म्हणे मी समोरून आवाज ऐकूनच सांगितलं, मागे हात पण लावला नाही.

पाना_पक्कड
म्हणजे आधी कोणीतरी उघडलेलं आहे. कंपनीतून स्क्रूचं डोकं खाल्लेलं येत नाही.

नेरुळची_नणंद
बाई गं. म्हणजे काकांना माहीत होतं! बिल्डिंगचं नाव टाक इथे, त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण जाऊ दे.

खडूस_काका
एका स्क्रूवरून फाशी? मुलाने उंदीर बघायला उघडलं असेल. आणि नाव-बिव टाकू नका हो, उलट तेच बदनामीची नोटीस पाठवतील.

काळा_कोट
नाव टाकू नका, याला माझाही दुजोरा. बाकी कायद्याचं थोडं बोलतो कारण वर १९१५ आलंय.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० पासून, आता मंच नाही आयोग म्हणतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी शून्य, दोन वर्षांच्या आत करायची, हे सगळं खरं. पण तो धंदा करणाऱ्याविरुद्ध. घरातलं जुनं मशीन विकणारे काका व्यापारी होत नाहीत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तर लिहिलेलंच आहे की जो माणूस वैयक्तिक पातळीवर विकतो, नियमित धंदा म्हणून नाही, त्याला ते नियम लागू नाहीत. त्यामुळे आधी त्यांचं प्रोफाइल बघा, आत्तापर्यंत किती वस्तू विकल्यात. पंधरा मशीन विकलेली दिसली तर ते काका नाहीत, दुकान आहे, मग गोष्टच वेगळी.

काकाच असतील तर राहतो करार कायदा, १८७२ चा. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक कशाला म्हणायचं ते आहे आणि तिथे चक्क घोड्याचं उदाहरण दिलंय. अ ला माहितीये घोडा अधू आहे, लिलावात ब ला विकतो, काहीच बोलत नाही. ही फसवणूक नाही, नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. इथपर्यंत खडूस काकांचा विजय. पण त्याच कलमात पुढे आहे की ब जर अ ला म्हणाला "तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट आहे असं धरतो" आणि तरी अ गप्प राहिला, तर तिथे गप्प बसणं हे बोलण्यासारखंच. आता ताईंचा मेसेज परत वाचा. "प्रॉब्लेम नाहीये असं धरून टेम्पो सांगतेय, काही असेल तर आत्ताच सांगा." ताई, तुम्ही न कळत दीडशे वर्षांपूर्वीचा घोडा घेतलात.

वाफाळता_चहा
अंगावर काटा आला हो वाचून 😳 मी तर टेम्पोवाला परत फिरला तर पैसे मागेल म्हणून लिहिलं होतं तसं.

घोडबंदरी
पण अंगठा कशाला होता? मेसेजच्या शेवटी "११ ला येऊ का" आहे. अंगठा ११ ला. मला कोणी चार ओळी पाठवल्या तर मी पण शेवटची वाचून अंगठा टाकतो.

काळा_कोट
हा मुद्दा समोरचा वकील नक्की घेईल, मान्य. पण अंगठा नसता तरी चाललं असतं, प्रश्न "नाही" म्हणाले का एवढाच आहे, आणि ते म्हणाले नाहीत. फक्त त्यांना माहीत होतं हे आधी दिसायला पाहिजे.

खडूस_काका
आता माझं पण ऐका वकीलसाहेब, आम्ही पण चार बुकं वाचलीत. कलम १९ खाली अपवाद आहे ना, की साधी काळजी घेऊन खरं कळण्यासारखं होतं तर मग करार मोडता येत नाही? ताई म्हणतात पाणी नव्हतं. स्पिनला पाणी लागत नाही!! रिकामं मशीन नुसतं स्पिनवर टाकायचं, पाच मिनिटांत मालगाडी तिथेच ऐकू आली असती. पाना पक्कड, खरं की खोटं?

पाना_पक्कड
खरं आहे. नुसतं स्पिन लावता येतं, पाण्याची गरज नाही. हाताने ड्रम फिरवून कान लावला असता तरी खरखर कळली असती.

वाफाळता_चहा
हे लागलं. खरंच लागलं. मी तिथे अर्धा तास होते आणि त्यातली वीस मिनिटं काकूंच्या हातचे पोहे खात होते.

नेरुळची_नणंद
पोहे हे सक्रिय लपवणूक मध्ये येतात का वकीलसाहेब

ठाणेकर_७७
पोलिसात द्या. ४२० लावा.

काळा_कोट
४२० आता नाही, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३१८. आणि ११ हजारांच्या जुन्या मशीनसाठी गेलात तर हे दिवाणी प्रकरण आहे म्हणून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त. कोर्टात जायचं तर माझी फी मशीनपेक्षा जास्त होईल, हे मीच सांगतो. ताई, पैसे मागू नका. एकच प्रश्न विचारा, लेखी: "मशीन आधी कोणी मेकॅनिकने उघडलं होतं का, आणि तो काय म्हणाला होता?" ओघळाचा आणि स्क्रूचा फोटो जोडा. धमकी नको. मग बघा.

घोडबंदरी
हे पटलं. मी विकणाऱ्याच्या बाजूचा आहे पण मेकॅनिक येऊन गेला असेल आणि सांगितलं नसेल तर मग मी नाही त्यांच्या बाजूला. माझ्या सोफ्याची एक पट्टी तुटलेली होती, ती मी जाहिरातीतच लिहिली होती, १,५०० कमी मिळाले पण झोप लागते.

वाफाळता_चहा
अपडेट. मेसेज काल रात्री टाकला. प्रोफाइल पण बघितलं, मशीन आणि एक पाळणा, बास, म्हणजे दुकान नाही. सकाळी फोन आला, काकांचा नाही, काकूंचा. त्यांनी सरळ सांगितलं, मार्चमध्ये मेकॅनिक आला होता, बेअरिंग बोलला होता, खर्च ऐकून यांनी नको म्हटलं आणि तेव्हापासून त्या स्पिन ४०० वर ठेवून कपडे धुवायच्या, आवाज कमी येतो म्हणून. "कालच धुतले हे मी खोटं नाही बोलले गं, पण ४०० वर धुतले हे नाही बोलले." मला काय बोलावं सुचेना. मी १२०० वर लावलं होतं.

काका मागून ओरडत होते टेम्पो टेम्पो. काकू म्हणाल्या अर्धे आम्ही देतो, २,९००. मी हो म्हटलं. आले पण, फोन ठेवायच्या आत.

ठाणेकर_७७
हो का म्हटलंत??? त्यांनी कबूल केलं ना, आता पूर्ण ११,००० निघाले असते!

वाफाळता_चहा
निघाले असते कदाचित. पण मग मशीन परत न्यायचं, परत १,८००, ते लोक महिनाअखेरीस नाशिकला चाललेत, शोधत बसू का त्यांना. आणि स्पिन लावून न बघणं ही माझीच चूक होती, ती मला २,९०० ला पडली असं मी धरलंय. सगळं मिळून मशीन मला साधारण १६ हजारांना पडतंय, नव्यापेक्षा अजून कमीच आहे.

खडूस_काका
एक रुपया पण द्यायला नको होता त्यांनी. तत्त्वाचा प्रश्न आहे. पण काकू सज्जन दिसतात. काकांनी उचलला नसता फोन.

घोडबंदरी
अर्धे कमी आहेत माझ्या मते. ज्याला माहीत होतं त्याने जास्त द्यायचे, ४ तरी. पण तुम्ही हो म्हटलंत तर विषय संपला.

पाना_पक्कड
५,८०० मध्ये काय काय ते आधी विचारा. तुमच्या मॉडेलचा टब स्क्रूचा आहे का चिकटवलेला ते बघावं लागेल, स्क्रूचा असेल तर दोन बेअरिंग आणि सील बदलून होतं, चिकटवलेला असेल तर पूर्ण टब टाकावा लागतो आणि मग ५,८०० त बसत नाही. मागे ड्रमला तीन हातांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर असतो तो पण बघून घ्या, टँकरच्या पाण्याने आणि जास्त पावडरने तो खातो. मॉडेल नंबर पाठवा मेसेजमध्ये.

वाफाळता_चहा
पाठवला. तुम्हीच या ना दादा, शनिवारी.

अजून एक राहिलं, आज कुरिअर आलं वाघबीळवरून. उघडलं तर आत चार लांब बोल्ट, किचनच्या ड्रॉवरमध्ये सापडले म्हणे सामान बांधताना. सोबत चिठ्ठी, "पुढे कधी हलवलंत तर लागतील". अक्षर काकांचं आहे.

पाना_पक्कड
जपून ठेवा, फेकू नका. आणि चुकूनसुद्धा ते लावून मशीन चालू करू नका. शनिवारी ११ ला येतो.

वाफाळता_चहा
👍 पण १ च्या आत आटपा, खालच्या आजी दुपारी झोपतात.