कृष्णाकाठचे अनुभव : पाणी किती फुटांवर आलंय?

पावसाळा लागला की आमच्या घरात दोनच प्रश्न : कोयना धरणातून किती सोडलंय, आणि आयर्विनला पाणी किती? सांगलीच्या या पुलाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. आजीला आकडे वाचता येत नव्हते. पण घाटाची कुठली पायरी बुडाली की जनावरं वरच्या आळीला न्यायची, हे ती अंथरुणातनं सांगायची. काठावर वाढलेल्यांनी, काठावर नांदायला आलेल्यांनी आपापलं लिहा. पुराचंच पाहिजे असं नाही.

शिरोळची सून

माझं माहेर दुष्काळी माण तालुक्यातलं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात रात्री दोनला सासूबाईंनी हलवलं, "ऊठ गं, दक्षिणद्वार लागलंय!" मला वाटलं, घर बुडालं. नृसिंहवाडीच्या दत्ताच्या देवळात उत्तरेच्या दारातनं आत शिरलेलं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तिथं अंघोळ करायची. उत्सवमूर्ती तोवर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवलेली असते. गढूळ पाणी, पायाखाली गाळ, थंडीनं दात वाजतायत आणि सासूबाई माझं मनगट घट्ट धरून उभ्या. सकाळी आईला फोन केला तर म्हणाली, "एक कळशी इकडं पाठव की."

वाळव्याचा

2005 ला आयर्विनला पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं होतं. घरातली तेव्हाची खूण भिंतीवर होती, म्हणून 2019 ला सामान त्या खुणेच्या वर माळ्यावर टाकलं आणि निवांत बसलो. या खेपेला 57 झालं! बोट येईना, तेव्हा चुलत्यांनी गुऱ्हाळावरची काहील ओढून आणली. गूळ आटवायची ती मोठी पसरट कढई. चौघांनी गोल बसायचं आणि हलायचं नाही, कारण कुणी जरा झुकलं की ती भोवऱ्यागत फिरायला लागते. मधोमध वासरू. ते बिचारं गप्प, आत्याच तेवढी बोलत होती : "इथं आपला गोठा... ही चिंच... आता विहीर आली, जपून." खाली काय आहे ते पाण्यावरून तिला पाठ होतं. पाणी उतरल्यावर घरात जो वास होता, त्याबद्दल लिहीत नाही.

वाईकर

तुम्ही सगळे खालच्या अंगाचे, म्हणून पुराचंच लिहिताय. आमच्याकडं कृष्णा अजून लहान पोरगी आहे. थंडी सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. भीमकुंड, धर्मपुरी, गंगापुरी, रामडोह, एकेका घाटावर मांडव पडतो आणि देवी आळीपाळीनं बसते. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेला हा नवस, असं जुनी माणसं सांगतात. आमची सगळी ईर्षा मात्र प्रसादाच्या पंगतीवरून. पलीकडच्या आळीची आमटी पातळ होती, हे वर्षभर पुरतं.

मळीवाला

नदीची तारीफ चाललीय, चालू द्या. आमची मळीची रानं, म्हणजे नदीकाठची गाळाची. आजोबा तिथं वांगी काढायचे, पातळ सालीची, तेलात टाकली की विरघळणारी. मग पाण्याच्या स्कीमा आल्या, सगळीकडं ऊस झाला, बारा महिने मोकाट पाणी. वरच्या अंगाची दोन एकर आता क्षारपड आहेत. उन्हाळ्यात पांढरी फटक दिसतात. पुरानं नेलं नाही तेवढं आम्हीच घालवलं.

माहेरवाशीण, सध्या न्यू जर्सी

नवं पाणी आलं की आई खण-नारळ घेऊन कृष्णामाईची ओटी भरायला जायची. आता गुडघे दुखतात म्हणून ती घाटावर जात नाही, शेजारणीबरोबर ओटी पाठवते. जुलै-ऑगस्टात मी इथं उठल्या उठल्या फोनवर आयर्विनची पातळी बघते, मग तिला फोन लावते. आज तिनंच आधी सांगितलं, "तेवीस फूट आहे. तू जेवून घे."