काळ्या गाडीवरचं जाळं आणि पांढरे ठिपके (पार्किंग ग्रुपवरची चर्चा)

ए-२०३: नमस्कार मंडळी. नवीन काळी गाडी आहे. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात आणि धुतली की पांढरे ठिपके राहतात. शोरूमवाले म्हणतात सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पातळ, कडक, पारदर्शक थर) करा, दोन्ही प्रश्न मिटतील. खरं का?

सी-५०१: दादा, कोटिंगचं नंतर बघू. आधी रोजचं पुसणं बंद करा. काही कंपन्यांचा काळा रंग फार मऊ येतो, म्हणजे त्यावरचा पारदर्शक क्लिअर कोट मऊ असतो. ओरखडे त्यातच पडतात. सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट ४०-५० च्या आसपास. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे पडतातच, फक्त डोळ्याला दिसत नाहीत.

सी-५०१: आपल्या पार्किंगमध्ये एका बादलीत एकच फडका बुडवून ओळीने गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची माती दहाव्या गाडीवर घासली जाते. त्यात सध्या नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांमुळे रस्ते खणलेले, धुळीत वाळू आणि सिमेंट दोन्ही. त्यावर सुका फडका म्हणजे पॉलिश पेपरच. मेणाच्या दोऱ्यांचा तो लाल डस्टरही तेच काम करतो.

ए-६०२: अहो, पण रोज पुसली नाही तर गाडी घाण दिसते. आणि पैसे महिन्याचे ठरलेत.

सी-५०१: काका, पैसे तेवढेच द्या. फक्त सांगा की रोज काचा, आरसे आणि नंबर प्लेट पुसायची, पत्र्याला हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा नीट धुवायची. धुळीची गाडी आठवडाभर उभी राहिल्याने रंगाला फारसं काही होत नाही, पुसल्याने होतं.

बी-७०४: पांढऱ्या ठिपक्यांबद्दल मी सांगते. ते बोअरच्या पाण्याचे. आपल्याकडे खाली काळा बेसॉल्ट, त्यातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात. थेंब वाळताना त्यांचं कार्बोनेट होतं आणि ते साध्या पाण्यात परत विरघळत नाही. म्हणून दुसऱ्यांदा धुतलं तरी ठिपका जागेवरच. गंगापूर धरणाचं पालिकेचं पाणी त्या मानाने बरंच सौम्य, पण पार्किंगच्या नळाला बोअर किंवा टँकर.

ए-२०३: ताई, पण सोसायटीला सॉफ्टनर बसवलाय ना?

बी-७०४: सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे थेंब वाळला की डाग पडणारच. फरक एवढा की सोडियमचा डाग ओल्या फडक्याने निघतो. आणि सॉफ्टनरला मीठ घालून रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने तो परत ताजा करणं) वेळेवर झालं नाही तर तो नावापुरताच. पंपाजवळच्या वहीत मीठ शेवटचं कधी घातलं ते बघा.

बी-७०४: उपाय स्वस्त आहे. धुणं बोअरच्या पाण्याने करा, शेवटचं पाणी फक्त आरओचं वापरा. एका गाडीला ५-६ लिटर पुरतं. झारीने टपावरून हळूहळू सोडा, पाणी चादरीसारखं ओघळून जातं, थेंब कमी उरतात. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी मात्र चुकूनही नको, त्यात क्षार दाटलेले असतात. ते लादी पुसायला वापरा.

ए-६०२: एसीचं पाणी चालेल का? खाली नुसतं ठिबकतंय.

बी-७०४: उत्तम चालतं काका, ते वाफेचंच पाणी, क्षार जवळपास नसतात. फक्त कॉइलवरची धूळ आणि ट्रेमधलं शेवाळ येतं, म्हणून सुती कापडातून दोनदा गाळून घ्या. एप्रिलच्या कोरड्या हवेत ते कमी जमतं.

ए-२०३: आणि जे ठिपके आधीच बसलेत ते?

सी-५०१: आधी तीन-चार ठिपक्यांवर करून बघा. पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी निम्मंनिम्मं. पत्रा थंड आणि सावलीत हवा. फडका भिजवून ठिपक्यावर एक मिनिट नुसता ठेवा, घासायचं नाही, मग भरपूर पाण्याने धुवा. कार्बोनेट असेल तर गेला. पांढरेपणा गेला पण नखाएवढी गोल कड दिसत राहिली, तर थेंबाने क्लिअर कोट खाल्लाय. तो फक्त पॉलिशने जातो, कधी तोही पूर्ण नाही. म्हणून दुपारी उन्हात गाडी धुणं सोडा. बॉनेटला हात लावून चटका बसत असेल तर पाणी टाकूच नका.

बी-७०४: दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागांजवळ गाडी लावली असेल तर निळसर पांढरे थेंबही बसतात. ते बागांवर फवारतात ते बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना. ते सुकं पुसू नका, त्याच दिवशी भरपूर पाणी मारा.

ए-२०३: धुण्याची पद्धत सविस्तर सांगाल का?

सी-५०१: सांगतो, जरा लांब होईल.
आधी चाकं, वेगळ्या ब्रशने आणि वेगळ्या बादलीने. ब्रेकची पूड सगळ्यात वाईट.
मग पूर्ण गाडीवर वरून खाली नुसतं पाणी, घाई न करता. प्रेशर वॉशर असेल तर तोंड फूट-दीड फूट लांब आणि फवारा पसरट ठेवा.
मग फोम. फोम गन नसेल तर झाडांचा २ लिटरचा हातपंप चालतो, त्यात २५-३० मिली कार शाम्पू. चार-पाच मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, परत पाणी. हात लावण्याआधीच निम्मी माती खाली येते.
आता दोन बादल्या. एकीत १० लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. तळाशी जाळीची चकती असेल तर उत्तम. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक पॅनल सरळ रेषेत, दाब न देता. मग मोजा साध्या पाण्यात खळखळून धुवा, तेव्हाच परत शाम्पूत. टप आधी, दाराचा खालचा भाग आणि मागचं दार शेवटी. मोजा खाली पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. नुसता झटकून परत वापरू नका.
भांड्याचा साबण वॅक्स काढून टाकतो आणि निरमा-सर्फ अल्कलीचे असतात, दोन्ही नकोत.

सी-५०१: पुसताना जाड टॉवेल पसरा, दोन कोपरे धरून अलगद ओढा. काठाला शिवण आणि लेबल असेल तर लेबल कापून टाका, मऊ रंगावर त्याचीही रेघ उठते. टॉवेल सुती कपड्यांबरोबर मशीनला लावू नका, तंतू चिकटतात. फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात नाही, धागे पाणी शोषेनासे होतात.

डी-१०२: टूथपेस्टने ओरखडे जातात असं व्हिडिओत बघितलंय.

सी-५०१: मऊ काळ्या रंगावर टूथपेस्ट लावाल तर एका रेघेच्या जागी धुरकट पट्टा मिळेल. ओरखड्यावर पाणी लावून बघा. ओला असताना दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिशने निघेल. नख अडकत असेल तर पॉलिश विसरा, टचअप पेन घ्या.

ए-२०३: म्हणजे पॉलिश करून घेऊ?

सी-५०१: दर वर्षी नको. प्रत्येक वेळी क्लिअर कोटचे एक-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंडने (जास्त खरखरीत पॉलिशने) जास्त. करायचंच असेल तर डिटेलिंगवाल्याला हे विचारा: ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड नुसता गोल न फिरता डगमगतही फिरतो ते) आहे का, आधी फूटभर जागेवर मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने चाचणी करणार का, आणि जाडी मोजायचं मीटर आहे का. लोकरीचा पॅड आणि जड कंपाउंड म्हणाला तर परत या. मऊ रंगावर त्याने भोवऱ्यासारखे पट्टे उमटतात, शेडमध्ये दिसत नाहीत, रविवारी गंगापूर रोडच्या उन्हात दिसतात. काम झाल्यावर एका पॅनलवर पाणी मिसळलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फिरवायला सांगा. तेलकट ग्लेझने ओरखडे नुसते झाकले असतील तर लगेच उघडे पडतात.

डी-१०२: मग ९एच सिरॅमिक कोटिंगचं काय? त्याला चरे पडत नाहीत ना?

सी-५०१: पडतात. ९एच हा पेन्सिलच्या टोकाने घेतलेल्या चाचणीचा आकडा आहे, वाळूच्या कणापुढे त्याचं काही चालत नाही. कोटिंगमुळे माती लवकर सुटते, धुणं सोपं होतं, चकाकी राहते, एवढं खरं. पण पाणी त्यावर गोल थेंब होऊन उभं राहतं आणि बोअरचा उभा थेंब वाळला तर ठिपका उलट जास्त ठसठशीत. कोटिंग असेल त्यांनी तर धुतल्यावर पाणी पुसल्याशिवाय गाडी सोडूच नये. चरे खरंच अडवायचे असतील तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक जाड फिल्म, पण ती महाग. पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, दाराच्या हँडलमागची खोबण आणि डिकीची ओठी (सामान चढवताना घासते ती कड) एवढ्यावर लावली तरी पैसे वसूल.

ए-६०२: कव्हर घातलं तर?

सी-५०१: गाडी धुतलेली असेल आणि वारा नसेल तरच. धुळीवर कव्हर फडफडलं की तेच ओरखडे.

बी-७०४: सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर "वॉश नको" असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं धुणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

सेक्रेटरी: चर्चा चांगली, पण पार्किंगच्या नळाला पाइप लावून गाडी धुणं बंदच आहे, बादलीनेच धुवावी. प्रेशर वॉशरही बादलीतूनच पाणी ओढेल असा लावा. धुणाऱ्यांना पत्र्याला हात न लावण्याबद्दल ज्यांना सांगायचंय त्यांनी फ्लॅट नंबर आणि गाडीचा शेवटचा नंबर इथे टाका, मी यादी करून देतो.

ए-२०३: ए-२०३, ४४१७.

डी-१०२: डी-१०२, ९०६३. पक्ष्यांच्या विष्ठेचं मात्र धुणाऱ्याला रोज बघायला सांगा, ते आठवडाभर ठेवता येणार नाही.

सी-५०१: बरोबर. ओला फडका त्यावर दोन मिनिटं ठेवून मऊ करायचं आणि उचलून घ्यायचं, खरवडायचं नाही. एक पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन फडके डिकीतच ठेवा.