हॅस्केलमध्ये रांग कशी ठेवावी? यादीच्या शेवटी भर घालणे फार संथ होते

प्रश्न (सांगली)
नमस्कार. साखर कारखान्याच्या गाडीतळावर उसाची वाहने नंबर लावून उभी राहतात, वजनकाट्यावरून पुढे सरकतात आणि गव्हाणीवर रिकामी होतात. या क्रमाचे सिम्युलेशन मी हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहीत आहे. नवे वाहन शेवटी जोडण्यासाठी मी दोन याद्या जोडणारे ‘++’ हे चिन्ह वापरतो. त्यामुळे दर वेळी आधीची संपूर्ण यादी नव्याने रचली जाते आणि रांग लांबली की प्रोग्रॅम रखडतो. जागच्या जागी बदलणारी रांग मला चालणार नाही, कारण एखाद्या क्षणाची रांग जपून ठेवून, बैलगाड्यांना वेगळी ओळ दिली तर काय होईल आणि न दिली तर काय होईल, हे त्याच स्थितीपासून तपासायचे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (कराड)
एकाऐवजी दोन याद्या ठेवाव्यात. समजा, रांगेत १ ते ४ क्रमांकाच्या नोंदी आहेत. पुढची यादी [१] आणि मागची, उलट्या क्रमाने, [४, ३, २]. पाचवी नोंद मागच्या यादीच्या तोंडाशी लावली की ती [५, ४, ३, २] होते, आणि हे काम स्थिर वेळेत, म्हणजे रांग कितीही लांब असली तरी तेवढ्याच वेळात, होते. १ निघून गेल्यावर पुढची यादी संपते. तेव्हाच मागची उलटवून [२, ३, ४, ५] अशी पुढे आणावी. उलटवण्याचा तो एक क्षण महाग असला, तरी प्रत्येक नोंद एकदाच उलटवली जात असल्याने सरासरी खर्च स्थिरच राहतो. पुढची यादी रिकामी म्हणजे संपूर्ण रांग रिकामी, हा नियम मात्र कसोशीने पाळावा. एरलँग या भाषेचे रांगेसाठीचे ‘क्यू’ मॉड्यूलही दोन याद्यांवरच उभे आहे.

उत्तर २ (सातारा)
वरील पद्धत उत्तम आहे, परंतु प्रश्नकर्त्यांच्या गरजेला ती पुरणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘एकदाच उलटवली जाते’ हा हिशेब जुनी रांग पुन्हा वापरली जात नाही, या गृहीतकावर टिकून आहे. पुढे एकच नोंद आणि मागे हजारो नोंदी अशी स्थिती जपून ठेवली व तिच्यातून पन्नास शक्यता तपासल्या, तर प्रत्येक शक्यतेत पहिले वाहन काढताना तीच यादी नव्याने उलटवावी लागेल.

यावर उपाय असा, की मागची यादी पुढचीपेक्षा लांब होताच उलटवण्याचे काम आळशी मूल्यमापनाच्या (गरज पडेपर्यंत गणित लांबणीवर टाकण्याच्या पद्धतीच्या) हवाली करून ते पुढच्या यादीच्या शेवटी जोडून ठेवावे. हॅस्केल असे मूल्य एकदा काढले की लक्षात ठेवते, त्यामुळे सर्व शाखांना तेच उत्तर आयते मिळते. आळशीपणाची सोय नसलेल्या भाषांसाठी हूड आणि मेलविल या संशोधकांनी १९८१ मध्येच हे काम प्रत्येक क्रियेत थोडे थोडे वाटून देण्याची रीत दाखवली होती.

प्रत्यक्षात मात्र स्वतः काही न लिहिता हॅस्केलच्या ‘कंटेनर्स’ पॅकेजमधील ‘डेटा.सीक्वेन्स’ हे तयार मॉड्यूल वापरावे. त्याची रचना फिंगर ट्रीवर (दोन्ही टोके हाताशी ठेवणाऱ्या वृक्षरचनेवर) आधारलेली असून जुन्या आवृत्त्या पुन्हा वापरल्या तरी दोन्ही टोकांचा सरासरी खर्च स्थिर राहतो. लांबी लगेच कळते आणि रांगेतच बिघडलेला ट्रॅक्टर मधूनच काढायचा झाला, तर तेही लॉगरिदमिक वेळेत, म्हणजे रांग दुप्पट झाली तरी किंचितच जास्त वेळात, साधते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. माझ्या प्रत्येक नोंदीत उसाचे अंदाजित वजन असते व ते आधीच्या गणितातून येते. त्यासाठी काही काळजी घ्यावी का?

उत्तर २ (सातारा)
होय, अवश्य. ‘डेटा.सीक्वेन्स’चा सांगाडा तत्काळ बांधला जातो, पण आतील घटक आळशीच राहतात. न सोडवलेली गणिते साठून मेमरी फुगू नये, यासाठी वजन आधी ‘सेक’ या, मूल्य लगेच काढायला लावणाऱ्या फंक्शनने काढून घ्यावे आणि मगच नोंद रांगेत लावावी, किंवा नोंदीच्या प्रकारातच ते क्षेत्र उद्गारचिन्हाने सक्तीचे करून नोंद लावताना तिचे मूल्यमापन करावे.