पदकाची कड बघा
"फौजी आजोबा म्हणजे घरात कायम परेड" असं वर कुणीतरी लिहिलंय. आमच्या आबांना हे अजिबात लागू नव्हतं. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन ते ठाण्यात नौपाड्यात आले आणि नातवंडांच्या दिमतीला लागले. माझ्या दोन वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे. (शिस्त काय ती एवढीच!) संध्याकाळी मासुंदा तलावावर नेऊन भाजलेलं कणीस घेऊन द्यायचे आणि घरी सांगू नकोस म्हणायचे. युद्धाचा विषय काढला की मात्र "चिखल फार होता", बस्स.

आजोबा कुठल्या लढाईत होते ते आता कसं कळणार, असा प्रश्न आलाय, त्यावर सांगते. ट्रंकेतली पदकं काढून बघा. गोल पदकाच्या कडेवर सहसा सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. संग्राम मेडल हे १९७१ च्या युद्धाचं. सोबत चांदणीच्या आकाराचं 'पूर्वी स्टार' असेल तर पूर्व आघाडी, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिम. आबांचं 'पूर्वी स्टार' निघालं, म्हणजे तो चिखल बांगलादेशातला! हे आम्हाला ते गेल्यावर कळलं. नंबर मिळाला की रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येतं. मराठाचं बेळगावला आहे.

फक्त ब्रासोने घासू नका. आमच्या काकाने दर दिवाळीला घासून घासून आडनावाची शेवटची दोन अक्षरं पार घालवलीत.